बापाच्या भूमिकेसाठी

खडूचा तुकडा चिमटीत इतका लहान उरला होता की रंगमंचाच्या फळीवर फुली काढताना दीपमालाचं नख घासलं... पण फुली नीट उमटली. इथे उभं राहायचं, इथूनच बोलायचं, आणि कुणी बोलायचं ते आता ती ठरवणार होती. यवतमाळच्या या सभागृहात ती वीस वर्षं नाटकं करत आली. दिग्दर्शिका म्हणून मात्र पहिल्यांदाच, तेही स्वतः लिहिलेलं नाटक घेऊन. बापाच्या भूमिकेसाठी सकाळपासून तिघं वाचून गेले होते, आणि तिघांनाही नाही म्हणताना तिची जीभ अडखळली नव्हती.

"पुढचे पुंडलिकराव आहेत," मुलीची भूमिका करणारी उर्वशी विंगेतून म्हणाली. जरा दबकूनच.

पुंडलिकराव... ज्यांच्या प्रत्येक नाटकात दीपमालाने मोलकरीणच केली. ट्रे घेऊन यायचं, ठेवून निघायचं. 'चेहरा शोभतो तुझा,' ते म्हणायचे. आणि एकदा एक वाक्य मिळालं तेव्हा तालमीत सगळ्यांसमोर – 'पाणी म्हण, पानी नव्हे. घरचं बोलणं घरी ठेवून यायचं.' त्या प्रयोगाला नेरहून तिचा बाबा आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, मागच्या रांगेत बसला होता, आणि परतताना बसमध्ये एवढंच म्हणाला, 'लवकरच आत गेली वं तू.' हे नाटक त्याचं, उकंडा नावाच्या त्या बापाचं. नवऱ्याच्या घरी ती मुकाट्याने सोसत होती तेव्हा तो एकटा तिच्या दारात येऊन उभा राहिला होता, त्या दुपारचं. तो वारल्यावर लिहिलेलं. आणि आता बाबा व्हायला कोण आलं होतं!

ते आले. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ.

"या सर. फुलीवर उभे राहा."

ते राहिले. कागद लांब धरून त्यांनी तोच भारदस्त आवाज लावला, "जरा पाणी दे बाई, मग बोलू."

"लिहिलंय तसं, सर. 'पानी दे वं बाई, मंग बोलू.'"

उर्वशीने मान खाली घातली. दीपमालाने घातली नाही. तिला ते गोड लागलं – लागलंच, कशाला लपवायचं – आणि त्या गोडीत ती वाट पाहत राहिली, की आता त्यांना ती तालीम आठवेल, काहीतरी म्हणतील...

ते कागदाकडे पाहत होते. "चाळीस वर्षं हेच तर पुसून राह्यलो तोंडातून," ते म्हणाले. "आता एकदम कसं येईन?"

"वेळ घ्या."

त्यांनी चष्मा काढला. कागद खिशात घातला. मग उर्वशीकडे न पाहता, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "पानी दे वं बाई, मंग बोलू. तुही माय म्हने, पोरीले घेऊनच ये. म्या म्हनलं, आंधी तिले इचारू त दे."

उर्वशी आपलं वाक्य विसरली.

दीपमाला केव्हा उठली, केव्हा रंगमंचाच्या कडेला आली, तिचं तिलाच कळलं नाही. याने उभं राहू नये, उंबऱ्यावर बसावं, उजेड डावीकडून, 'इचारू' म्हणताना हात रिकामे हवेत... "बसून म्हणा," ती म्हणाली. ते बसले. "आणखी हळू." त्यांनी आणखी हळू म्हटलं. समोरचा माणूस कोण आहे हे आपण मघापासून विसरलोच आहोत, हे ते उठून उभे राहिले तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"कसं झालं?"

या प्रश्नाचं उत्तर तिने वर्षानुवर्षं घोटून ठेवलं होतं. ते आता तिला लांबचं, दुसऱ्याच कुणासाठी लिहिलेलं वाटलं.

"उद्या सांगते, सर. अजून दोघं वाचायचे आहेत."

"नाही म्हनाचं असलं तरी तूच फोन कर."

"मीच करीन."

ते गेले. उर्वशी पुढच्याला बोलवायला निघाली. दीपमालाने तिला क्षणभर थांब म्हटलं आणि डोळे मिटले – बाबा त्या दुपारी दारात खरंच कसा बोलला होता, ते एकदा ऐकून घ्यावं म्हणून. शब्द आले, सगळे, त्याच क्रमाने. आवाज मात्र त्याचा नव्हता. तिने पुन्हा ऐकून पाहिलं... तो कुणाचा होता ते तिला स्वच्छ कळत होतं, आणि नवल हे की त्याला गप्प करावं असं तिला वाटत नव्हतं.