उंटिणीला ऐकू आलेला डायनोसॉर

सात कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या डायनोसॉरच्या पिल्लाने गेल्या मंगळवारी गोबीच्या वाळवंटात हाक मारली आणि ती ऐकून एक उंटीण ढसाढसा रडली. असं काही घडलेलं नाही. तालुका संग्रहालयाच्या हजेरीपटानुसार संशोधक नोरोव त्या दिवशी सर्दीने घरी होता.

तर जे घडलं नाही ते असं. उंट पाळणाऱ्या दुलमाची उंटीण वाळूच्या वादळात व्याली आणि आपल्या पांढऱ्या पिल्लाला जवळ घेईना. अशा आईला गाऊन-वाजवून रडवायचं, ही तिथली रीत. रडली की पान्हा फुटतो. पण तंतुवाद्य वाजवणारा म्हातारा लेकीकडे शहरात गेलेला. पिल्लू दोन दिवस उपाशी, बाटली तोंडात धरत नव्हतं.

"नोरोव गुआइ," दुलमाने आदराने हाक मारली, "तुम्ही शिकलेले. बघा काही जमतंय का."

नोरोवने अकरा वर्षं डायनोसॉरच्या नाकाची भोकं मोजली होती. त्याचा सिद्धांत असा, की हा प्राणी नाकात रडायचा, सकाळी जास्त, पाहुण्यांसमोर मुळीच नाही. किटलीची तोटी, लोकरीचा नमदा आणि उंटाच्या मानेचं हाड जोडून त्याने तो आवाज बनवलाही होता.

"हिला उंटाचं रडणं कळतं," दुलमा म्हणाली.

"अगं, ज्याचं जगात कुणीच उरलं नाही, त्याच्याइतकं करुण कोण रडणार?"

"तुम्ही. बायको सोडून गेल्यापासून."

नोरोवने फुंकलं.

उंटिणीच्या डोळ्यांना धारा लागल्या. "खूस, खूस," असं तिला चुचकारत दुलमाने पिल्लू पुढे सरकवलं. उंटिणीने त्याला ओलांडलं, दोन कोस चालली आणि ज्या लाल कड्यातून डायनोसॉरच्या पिल्लाची हाडं निघाली होती तिथे जाऊन बसली. पिल्लाला उचलून तिच्यापाशी नेलं, तर तिने लाथ झाडली. दूध वाळूत गळत राहिलं. ती कड्याकडे बघत होती. तिचं बाळ आत होतं.

"सांगा तिला, ते मेलंय म्हणून."

"तीन तास तेच सांगतोय."

"मग?"

"विश्वास बसत नाही तिचा. माझ्याकडे लेखी काही नाही."

पांढऱ्या पिल्लाने मान वाळूवर टेकली. दुलमा त्याच्या अंगावर आपला कोट घालून बसली. नोरोवने गुडघ्यावर कागद घेतला आणि राजधानीतल्या खात्याला लिहिलं:

"तरी विनंती की, कड्यातील पिल्लू मयत झाल्याचा दाखला, मृत्यूच्या तारीख-वेळेसह, सदर उंटिणीच्या नावे देण्यात यावा. दाखला आज सूर्यास्तापूर्वी कड्यापाशी पोचावा. उद्या त्याचा उपयोग नाही."