हळदीचे हात

काचेच्या पट्टीवर चांदीचे ठिपके बसवायला मला आठ महिने लागले. ठिपका म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग. लेझर पडला की ठिपक्यांपाशी प्रकाश कैक पटींनी वाढतो आणि डाळिंबाच्या सालीवर उरलेलं फवारणीचं कणभर औषधही आलेखात ओळखू येतं. पण आलेख काढणारं मशिन पुण्यात, आणि आमचं कॉलेज पारनेरला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दहा ते पाच एवढाच वेळ मिळाला होता. पुढची तारीख मार्चमधली, आणि माझा प्रबंध जानेवारीत द्यायचा होता.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई छगनमामा यांनी यंत्रांची पूजा मांडली. माझ्या पट्ट्या मात्र कपाटात, कुलपात. त्यांना पूजाबिजा काही नाही, असं मी आधीच बजावलं होतं.

"मॅडम, या शेगडीला तरी हळद लावा. वर्षभर तुमच्यासाठी तीच राबलीया," मामा म्हणाले.

लावली. मग घाईघाईत सहा पट्ट्या कापसाच्या डबीत भरल्या आणि घरी गेले.

पुण्यात पहिल्या पट्टीवर लेझर सोडला, तर आलेखात रेघांऐवजी नुसता डोंगर. साही पट्ट्यांवर तेच. मशिन चालवणारी जया म्हणाली, "काहीतरी चमकतंय. लेझरखाली हळद अशी चमकते. लागलीय का कुठे?"

माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन मामांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तीस वर्षं नोकरी करून एवढी अक्कल नाही का, इथपर्यंत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, मी डबीला हात लावला न्हाई. चावी तुमच्याकडंच हुती. हळद लावल्यावर तुमी हात धुतले का?"

मी नखांकडे पाहिलं. कडा अजून पिवळ्या होत्या. तेच हात कापसात गेले होते, आणि एसटीच्या हादऱ्यांनी उरलेलं काम केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, चुकलं माझं."

"ते ऱ्हाऊ द्या. तुमी खराब म्हणून टाकलेली एक पट्टी मी झाकून ठिवलीया. पुण्याला आनू का?"

त्या पट्टीवर चांदी एकाच बाजूला नीट बसली होती. पण एक बाजू पुरेशी होती.

मामा चार वाजता डब्यात पट्टी घेऊन आले. मी हात पुढे केला, तर त्यांनी डबा मागे घेतला. "आदी हात धुऊन या."

साडेचारला आलेखात औषधाच्या रेघा उभ्या राहिल्या, बारीक आणि सरळ. मी मामांना आत बोलावून दाखवल्या आणि पुन्हा माफी मागितली.

त्यांनी रेघा नीट पाहून घेतल्या. मग म्हणाले, "मला कमी ऐकू येतं, मॅडम. फोन स्पीकरवर हुता. प्रॅक्टिकलच्या पोरांनी समदं ऐकलं. माफी त्यांच्यासमोर मागा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला, मामांना शेजारी उभं करून, मी ती मागितली.