किडक्या तुरीवरचा शिक्का

मित्रांनो, माझ्या तोंडाची चव गेली त्याला तीन वर्षं झाली. ताडकळसच्या एका डाळ कंपनीचा मी जुना रबरी शिक्का. परभणीत स्टेशनजवळच्या दुकानात एका म्हाताऱ्या कारागिरानं चष्मा पुसत पुसत माझं रबर कोरलं, त्याला लाकडी मूठ बसवली आणि कोऱ्या कागदावर तीनदा उठवून पाहिलं. अक्षरं स्वच्छ उमटली. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

कंपनी तीनशे शेतकऱ्यांनी मिळून काढली होती. एका शेअरची किंमत हजार रुपये. ज्याचे जितके शेअर, तितकी त्याची मालकी. तीस लाख जमले. त्यातून डाळ मिलचं यंत्र आलं, गोदाम बांधलं आणि उरलेल्या पैशात तूर भरली. शेअरच्या प्रत्येक कागदावर माझी मोहोर उठली. बाजारात भाजी विकणाऱ्या बायनाबाईनं पाच शेअर घेतले होते. कागद हातात पडल्यावर तिनं माझ्या ठशावर फुंकर घातली आणि शाई वाळेपर्यंत घडी घातली नाही.

पहिली दोन वर्षं बरी गेली. नफा थोडा होता, पण खरा होता. हिशेब धम्मशीला लिहायची. परभणीच्या कॉलेजातून ती बी. कॉम. झाली होती. यंत्र दरवर्षी झिजतं म्हणून त्याची किंमत ती वहीत दरवर्षी कमी करायची. मला उठवण्याआधी कागद वरपासून खालपर्यंत वाचायची.

तिसऱ्या वर्षी बिघडलं. गोदामाचे पत्रे गळले, तूर भिजली आणि तिला कीड लागली. मार्चअखेर माल मोजायला गेलेली धम्मशीला मूठभर तूर कागदात बांधून घेऊन आली. पुडी टेबलावर उघडली तेव्हा त्यात दाण्यांपेक्षा पीठच जास्त होतं आणि त्या पिठात भुंगे वळवळत होते. आंबूस वास खोलीभर पसरला.

"साहेब, ही तूर ढोरं बी खायची न्हाईत," ती म्हणाली. "ताळेबंदात हिला ताज्या तुरीचा भाव कसा लावायचा?"

कंपनीचे अध्यक्ष बन्सीधर पान चघळत होते. त्यांनी पुडी बोटानं बाजूला सारली.

"कागदाला कुठं किडे लागतात?" ते म्हणाले, आणि मला उचललं.

त्या दिवशी आठ लाखांचा किडका माल कागदावर ताजा झाला. तोट्याचा नफा झाला. त्या कागदावर मी दाबला गेलो. पानाची लाळ लागलेला त्यांचा अंगठा माझ्या मुठीवर होता, तो बुळबुळीत स्पर्श मला अजून आठवतो. पुढचं तर याहून ओंगळ. तो नफा दाखवून बन्सीधरांनी आसपासच्या गावांत नवे शेअर विकले आणि त्याच पैशातले तीन लाख जुन्या लोकांना लाभांश म्हणून वाटले. लोकांनी पेढे वाटले. धम्मशीला गप्प राहिली. तिच्या पगारावर घर चालत होतं. वर्षभर ती मला उचलायची तेव्हा माझ्याकडे बघायची नाही, आणि मलाही तिची किळस यायची, माझ्या स्वतःच्या तोंडाची तर त्याहून जास्त.

मग वार्षिक सभा आली. मांडवात दोनशे माणसं बसली होती. अजून शेअर घ्या, पुढच्या साली दुप्पट लाभांश देतो, असं बन्सीधर सांगत होते. बायनाबाई म्हैस विकून आली होती. सत्तर हजारांची पुरचुंडी तिच्या पदरात होती. ती टेबलापाशी आली, पण तिनं पैसे लगेच दिले नाहीत. यंत्राचा आवाज पाच महिने ऐकू आला नाही, मग डाळ कोणी भरडली आणि नफा कुठून आला, असं तिनं विचारलं. बन्सीधर हसले. बाईमाणसाला ताळेबंद कळायचा नाही, असं काहीसं म्हणाले.

बायनाबाई धम्मशीलाकडे वळली. "माय, तू शिकलेली हायस. तू सांग. नफा झाला का?"

धम्मशीलानं हातातली वही मिटली. मग ती उभी राहिली.

"न्हाई झाला, मावशी. नव्या लोकायचा पैसा तुमाला वाटला. गोदाम उघडा, म्हंजे कळंल."

चार जण गेले आणि एक पोतं उचलून आणून त्यांनी टेबलासमोर ओतलं. तुरीचा ढीग जागच्या जागी हलत होता. भुंगे माझ्या अंगावर चढले, शाईच्या पेटीत बुडाले. पुढच्या रांगेतला एक जण तोंडाला रुमाल लावून उलटी करायला बाहेर पळाला. लाभांशाचे पेढे त्यानंच वाटले होते.

बन्सीधरांना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्यावरचा खटला परभणीला चालू आहे. काही जण धम्मशीलालाच बोलले, गप बसली असती तर कंपनीचं नाव तरी राहिलं असतं, म्हणाले. अशा नावाची मला ओकारी येते. तिनं ताळेबंद नव्यानं लिहिला. किडका माल शून्य किमतीचा धरला, तोटा तोटा म्हणून मांडला. हजाराचा शेअर सहाशे दहावर आला. त्या कागदावर तिनं मला हळूच टेकवलं तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा माझा ठसा मला परका वाटला नाही.

बायनाबाई सत्तर हजार तसेच घरी घेऊन गेली. तुझं नुकसान झालं, असं कोणीतरी तिला म्हणालं.

"झालं की," ती म्हणाली. "पर आज सहाशे दहा हाय, ते मला ठाव हाय. हजार होता तवा काईच ठाव नव्हतं."

आता कंपनीच्या सह्या संगणकावर होतात. मी खणात पडून आहे, कडेची दोन अक्षरं झिजली आहेत. मला जपा असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी कंपनीत घामाचे पैसे घालाल. तिथं माझ्यासारखा ठसठशीत ठसा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. मी ज्याच्या हाती जातो, त्याचंच बोलतो. तुम्ही गोदामाची किल्ली मागा.