विहिरीतली चार पानं

मित्रांनो, अंगावर बावन्न पानं आणि पोटात एक गुपित घेऊन मी वसमतच्या एका घरात पडून आहे. मी पत्त्यांचा जुना कॅट. एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून बुद्धभूषणने मला आणलं, ते बायकोसाठी. संध्याची पाठ दुखावली होती. शाळेतली नोकरी सुटली होती आणि तीन महिने अंथरुणावर काढायचे होते.

पडल्या पडल्या ती एकटीच माझ्याशी खेळायची. नेहमीचे डाव खेळून कंटाळली, तेव्हा तिने स्वतःचाच एक रचला. मधोमध चार पानं पालथी ठेवायची, ती विहीर. भोवती सात ओळी. लाल-काळी पानं आलटून पालटून उतरत्या क्रमाने लावायची आणि चारही एक्के मोकळे करून त्यांच्यावर आपापली पानं चढवायची. एखादी ओळ रिकामी झाली, तरच विहिरीतलं एक पान उपसायचं. तोवर विहिरीला हात लावायचा नाही. संध्या रोज एखादा नियम लिहायची, खोडायची आणि मला पिसायची. माझ्या कडा झिजल्या, पण मी कुरकुरलो नाही. एवढी किंमत मला कुणी दिली असती?

पुण्यातल्या खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीला तिने डाव कळवला. त्यांना आवडला. पण त्यांची अट होती, की रचणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या माणसाने तो पन्नास वेळा खेळावा आणि किती सुटले ते तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारपर्यंत कळवावं. दहातले तीन-चार सुटले तर बरं. नंतर ते स्वतःही खेळून बघणार होते. जमलं, तर संध्याला घरी बसून खेळ रचायचं काम मिळणार होतं. शाळेत दिवसभर उभं राहणं आता तिच्या पाठीला झेपणार नव्हतं, त्यामुळे तिची सगळी आशा याच कामावर होती.

दुसरं माणूस म्हणजे तिची सासू, पंचफुलाबाई. त्या हळद निवडायच्या कामावरून दुपारी जेवायला आल्या, की हात धुऊन दोन-तीन डाव मांडायच्या. डाव सुटला की वहीत उभी रेघ, अडला की शून्य.

तिसऱ्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. डाव अडला होता. पंचफुलाबाईंनी आतल्या खोलीकडे एक नजर टाकली, विहिरीतल्या पानांचे कोपरे उचलून पाहिले, हवं ते पान काढलं आणि त्याच्या जागी अडलेलं पान सरकवलं. वहीत उभी रेघ. पुढे त्यांना सवयच लागली. एकोणपन्नास डावांत सतरा रेघा झाल्या. मी सगळं पाहत होतो, पण सांगणार कसा? संध्या वही बघून खुलायची. तिचे स्वतःचे मात्र पन्नासात दोनच डाव सुटले होते.

"तुमचा हात लई चांगला, आत्या," ती म्हणायची. पंचफुलाबाई उगाच पाण्याचा तांब्या उचलायच्या.

शुक्रवारी पन्नासावा डाव होता. कामावर लवकर परत बोलावलं होतं, म्हणून त्या हात न धुताच बसल्या. डाव अडला. त्यांनी कोपरे उचलले, तेवढ्यात संध्या बाहेर आली. हात मागे गेला, पण उशीर झाला होता. चारही पालथ्या पानांच्या कोपऱ्यांवर अंगठ्याचे ताजे, पिवळे ठसे होते.

संध्या पाठीला हात लावून वाकली आणि बघतच राहिली.

"या पानांला हात लागायचा नव्हता, आत्या."

"लागला खरा."

"आजच?"

"न्हाई. बऱ्याच येळा." पंचफुलाबाई मान खाली घालून बोलत होत्या. "डाव अडला की तुझं तोंड उतरायचं. तीन महिन्यांनी कुठं हसून राहिली होतीस. ते माझ्यानं बघवलं न्हाई."

"पण पुण्याचे लोक खेळून बघतील ना. मग मी खोटी ठरेन. काहून केलं असं?"

"फुकट काही घेतलं न्हाई मी. एक काढलं तर एक टाकलं. बराबर."

संध्या रडायच्या बेतात होती, ती थांबली. तिने वही ओढली, रेघांचं पान फाडलं आणि नवा नियम लिहिला: डाव अडल्यावर एकदाच, न बघता, एक पान विहिरीत टाकून एक काढता येईल.

मला वाटलं, आता पुन्हा माझी पाळी. पण ती म्हणाली, "हा कॅट चालणार न्हाई. पिवळी पानं ओळखू येतील." ज्या डागांनी खरं बाहेर काढलं, तेच मला भोवले. फार वाईट वाटलं, मित्रांनो.

शनिवारी पंचफुलाबाई कामावर गेल्या नाहीत. नवा कॅट आला. मी फळीवरून बघत होतो. पहिले सहा डाव सहा शून्यं. सातवाही अडला. अदलाबदल करून झाली होती. पंचफुलाबाईंचं बोट विहिरीच्या कडेला जाऊन थांबलं. संध्या समोरच बसली होती. कोपरा उचलला असता, तर सगळंच गेलं असतं. मग त्यांनी हात मागे घेतला, पदराला पुसला आणि शून्य काढलं.

आठव्या डावाला पहिली रेघ आली. दिवस मावळेपर्यंत पन्नासात सोळा रेघा झाल्या आणि संध्याने तेवढ्याच कळवल्या. नऊ दिवसांनी फोन आला. पुण्यातही जवळपास तेवढेच डाव सुटले होते. काम तिला मिळालं.

आता मी पत्र्याच्या डब्यात असतो. कधीमधी दुपारी पंचफुलाबाई मला काढतात आणि अडलं की खुशाल कोपरे उचलतात. वही नसते, तेव्हा मीही गप्प बसतो.

मित्रांनो, आम्हाला हात धुऊन हाताळा, एवढं तर माझं मागणं आहेच. पण कुणी आपल्या मेहनतीची गोष्ट तपासायला दिली, तर अडेल तिथे शून्यच काढा. त्या सातव्या डावाला पंचफुलाबाईंनी शून्यच काढलं होतं. सतरा रेघांपेक्षा जास्त माया मी त्या एका शून्यात पाहिली.