डावा पाय आधी

दिवाळीनंतर रोझमेरी मिसनी बॅलेच्या वर्गातल्या पाच मुलींना पॉइंट शूज घ्यायला सांगितले, माझ्या उन्नतीला नाही. बोटांच्या टोकांवर उभं राहायचे ते कडक टोकाचे गुलाबी बूट. परीक्षा दिसायला साधी होती. अनवाणी, एका पायावर उभं राहून पंचवीस वेळा टाच उचलायची, कशाचाही आधार न घेता. उन्नतीचा डावा घोटा सतराव्याला बाहेर कलंडला. "घाई केली तर पाय कायमचा दुखावेल," मिस म्हणाल्या. पुन्हा परीक्षा एप्रिलमध्ये. तोवर बारा वर्षांची ही घोडी छोट्यांच्या वर्गात.

"या वेळी नाही जमलं तर मी बॅले सोडणार," उन्नतीने सांगून टाकलं.

"सोड," मी म्हटलं. नंतर जीभ चावली, पण तोंडातून गेलेला शब्द काय परत येतो?

तरी पावलं बळकट व्हावीत म्हणून ती रोज संध्याकाळी पायाच्या बोटांनी जमिनीवरचा नॅपकिन चुरगाळत ओढायची, बारीक वस्तू उचलून वाटीत टाकायची. जानेवारीत माझी मोठी नणंद, रंभा वन्सं, शेतातले वाल घेऊन आमच्या नायगावच्या फ्लॅटवर आल्या. चहा होईपर्यंत बघतात तर काय, पोरगी तेच वाल पायाने उचलतेय.

"अन्नाला पाय लावायला कोनी शिकवलं तुला?"

उन्नतीने वालांना हात लावून नमस्कार केला. मी घाईघाईने बटणांचा डबा आणून दिला. वन्सं फुरंगटून बघत बसल्या, आणि बघता बघता पुढे सरकल्या.

"करंगळीवर भार देते ही. डोईवर भारा घेऊन बांधावरून चाललीस का कधी? अंगठा रोवला नाय तर मानूस खाचरात. अंगठा रोव, पोरी."

मिसनीही हेच दहादा सांगितलं असणार, इंग्रजीत. वन्संचं मात्र एका फटक्यात डोक्यात शिरलं. त्यानंतर तीन महिने आमच्या घरात अंगठ्याशिवाय विषय नव्हता.

परीक्षेला मी आणि वन्सं हॉलच्या दारात उभ्या होतो.

"उजवा आधी घे, सोपा जाईल," मिस म्हणाल्या.

"नको मिस, डावा आधी."

सोळा झाले. सतराव्याला घोटा थरथरला आणि मला वाटलं, संपलं. तिने अंगठा लादीवर असा दाबला की नख पांढरं पडलं. अठरा. बाविसाव्याला वन्संचं पुटपुटत मोजणंही थांबलं. पंचवीस झाल्यावर मिस "बस" म्हणाल्या, तरी तिने आणखी पाच मारले. उजवा पाय तर हसत हसत झाला.

"शनिवारी शूज बघायला जाऊ," मिसनी सांगितलं.

मला रडू फुटलं. आनंद होताच, त्या 'सोड'ची लाजही होती. "उन्नती, तेव्हा चुकलंच माझं," मी म्हटलं. तिने ऐकलं की नाही, देव जाणे. छोट्यांच्या रांगेतली आपली पिशवी तिने उचलली आणि मोठ्या मुलींच्या पिशव्यांत, अगदी मधोमध नेऊन ठेवली.