झुंबरबाईचा गडू

मी एक जुना पितळी गडू आहे. देऊळघाटजवळच्या एका खेड्यातल्या शाळेच्या कपाटात, खडूच्या डब्याशेजारी पालथा पडून असतो.

मित्रांनो, वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळचा मी. माझी मालकीण झुंबरबाई. कुणाच्या पोराचं पोट मुरडलं की तिला बोलावणं यायचं. ती पोराच्या बेंबीवर कणकेचा दिवा लावायची आणि मंत्र पुटपुटत मला त्यावर पालथा घालायची. दिवा विझे आणि मी पोटाला घट्ट चिकटे. हळूहळू पोराचं कण्हणं थांबे. लोक म्हणत, मंत्राचा गुण. मी मात्र उगाच शेफारून जाई.

गावात हिंमतराव गुरुजी होते. हवेचा दाब शिकवायला शाळेत काचेचं भांडं नव्हतं, म्हणून त्यांनी एका दिवसापुरता मला मागून नेलं. माझ्या काळजीनं झुंबरबाईही मागोमाग येऊन दाराशी उभी राहिली. गुरुजींनी थाळीत पाणी ओतलं, मधोमध दिवा लावला आणि मला पालथा घातला. ज्योत विझली, तसं थाळीतलं पाणी माझ्या पोटात चढलं आणि पोरांच्या डोळ्यांदेखत थाळीतलं पाणी उतरलं. गुरुजी म्हणाले, आतली हवा तापून पसरली, थोडी बाहेर गेली. उरलेली गार झाली, तेव्हा बाहेरच्या हवेनं पाणी आत ढकललं. पोटावर गडू चिकटतो तोही असाच.

वर्गातली विमल उठली. "मंग झुंबरआजीचा मंतर लबाड हाय का?"

गुरुजींचा चेहरा पडला. म्हातारीची गावातली पत आपण घालवली, असं त्यांना वाटलं.

झुंबरबाई शांतपणे म्हणाली, "आगीनं गडू चिकटते, हे मले पह्यलेपासून ठावं हाय, गुरुजी. मंतर त पोरगं हालू नाई म्हून म्हना लागते."

गुरुजींनी तिला हात जोडले. पुढे शाळा तपासायला साहेब आले, तेव्हा गुरुजींनी मला पुन्हा मागून नेलं. साहेबांना हा प्रयोग फार आवडला. गडू शाळेतच ठेवा, म्हणाले. माझ्यावर पांढऱ्या रंगानं शाळेच्या सामानाचा नंबर पडला. झुंबरबाईला विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "राहू द्या. पोरं शिकतीन."

एका दुपारी ती धापा टाकत आली. शेजारच्या तान्ह्याचं पोट दुखत होतं. गुरुजी बुलढाण्याला गेले होते आणि किल्ली त्यांच्या खिशात. तिनं कपाटाच्या जाळीतून बोट घातलं, पण ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. ती रिकाम्या हातानं परत गेली. ते तान्हं दोन दिवसांनी बरं झालं म्हणे. झुंबरबाई मात्र पुन्हा शाळेत आली नाही.

अजून वर्षातून एकदा माझ्यात पाणी चढतं, तुम्ही टाळ्या वाजवता. मला ते आवडतं. पण ते पाणी गार असतं, आणि मला त्या उबदार पोटांची आणि तिच्या हाताची फार आठवण येते. मित्रांनो, कुणाची वस्तू शिकण्यासाठी मागून आणलीत, तर शिकून झाल्यावर ती तिच्या घरी पोचवा.