जे कार्ड माझ्यात ओवलं गेलं नाही

मी पत्रांची तार बोलतेय. तारखात्याची नव्हे, तिच्यासारखी धावपळ माझ्या नशिबी नाही. मी भिंतीवर खुंटीला लटकलेली जाड लोखंडी तार. माझं वरचं टोक वाकडं आणि टोकदार, खालच्या टोकाला लाकडाची चकती. घरात आलेलं पत्र वाचून झालं की या टोकाला टोचायचं आणि खाली सरकवायचं. एवढंच माझं काम.

सहदेव लोहाराने मला ठाण्याच्या बाजारात घडवलं आणि नौपाड्यातल्या त्र्यंबकरावांनी घरी आणलं. कचेरीतले कारकून ते, घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. इतर घरांतल्या तारांचे हाल मला ठाऊक आहेत. लग्नाची पत्रिका, वैद्याचा काढा, मामाचं भांडण, सगळं एकावर एक. काही शोधायचं तर सगळी तार उपसा. अण्णांना असली अनागोंदी सोसत नसे. दरवर्षी दसऱ्याला ते मला मांडीवर घेत, सगळी पत्रं काढत आणि माणसागणिक लावून पुन्हा ओवत. मध्ये रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या. पिवळी त्यांच्या बायकोच्या, सुमतीबाईंच्या माहेरची, निळी भावांची आणि तांबडी सरोजची.

सरोज त्यांची एकुलती लेक. कल्याणला दिलेली. अण्णांनी तिला स्वतः लिहायला शिकवलं होतं, त्यामुळे तिची पत्रं तिच्याच हातची येत. तांबड्या चिठ्ठीखालचा गठ्ठा सगळ्यांत जाड होता. शेजारी कौतुक करत, अण्णा फुगत. "आमच्याकडे आलेला कागद हरवत नाही," ते सांगत. खरं सांगते, मीही फुगत असे.

एकाच जातीचं पत्र माझ्यात कधी येत नसे, मरणाचं. वर 'श्री' नसलेलं कार्ड आलं की घर चपापे. कोण गेलं तेवढं वाचायचं, कार्ड फाडून परसात टाकायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. अशुभ कागद घरात घटकाभरही ठेवायचा नाही, अशी रीत. अण्णा ती काटेकोरपणे पाळत.

ज्या वर्षी कल्याणात गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगने, माणसं पटापट जाऊ लागली, त्या वर्षी तसं एक कार्ड आलं. अण्णांनी उंबऱ्यातच पहिली ओळ वाचली.

"अगं, व्याही गेले. गाठीचा ताप."

"अरे देवा! आणि सरोज? बाळ?" सुमतीबाईंना वाचता येत नव्हतं, पण डोळे होते. "कार्ड तर काठोकाठ भरलंय. कडेलाही लिहिलंय बघा. आणखी काय म्हणतात?"

"असलं पत्र घोळत बसायचं नसतं. जा, पाणी काढ."

त्यांनी कार्डाचे चार तुकडे केले. मी चार हातांच्या अंतरावर लटकलेली होते. मला तोंड असतं तर ओरडले असते.

सुमतीबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या रोज म्हणत, जाऊन या. अण्णा म्हणत, त्यांच्या घरात सुतक आहे, दिवस होऊ देत, मग भेटून येतो. दिवस झाल्यावर ते कल्याणला गेले आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत आले. घराला कुलूप होतं, आळी ओस पडली होती. माणसं गाव सोडून झोपड्यांत राहायला गेली होती, पण कोण कुठे हे सांगायला कुणी नव्हतं.

त्यांनी मला खुंटीवरून ओढून काढलं. तांबडी चिठ्ठी एका झटक्यात सापडली. दिवाळीच्या पत्रात सरोजने लिहिलं होतं, "शहाडची बायजा दूध घालते. फार मायेची आहे. तिच्या वाडीवर चला म्हणून मागे लागते." अण्णा ते पत्र हातात धरूनच बाहेर पडले. कागद मिळायला क्षणही लागला नव्हता. त्यांची शिस्त अशी होती.

दुसऱ्या दिवशी ते परतले तेव्हा सोबत बायजा होती आणि तिच्या कडेवर सरोजचं बाळ. सुमतीबाई दारापर्यंत धावल्या आणि पुढे कुणी दिसेना म्हणून तिथेच थांबल्या.

"व्याह्याचे मागं पयला जावय गेला, बाय," बायजा म्हणाली. "त्यानंच कार्ड लिवला व्हता. मना ताप आलाय, सरोज नि बाल अजून बरी हायेत, शहाडला बायजाचे वाडीवर हाव, त्यांना लगेच घेऊन जावा, आसा. मंग तुमचे पोरीला गाठ आली. जीव जाईपावत कोन रस्त्यानं आला का उठून बसं. बोलं, माजे अण्णा कागद हरवीत नाय, कार्ड पोचला का निंगतील." तिने अण्णांकडे पाहिलं. "पोचलाच नसंल, न्हय?"

बोलल्या त्या सुमतीबाई.

"पोचलं होतं."

त्यांनी बाळाला घेतलं आणि त्या आत गेल्या.

आता दोन वर्षं झाली. मला गंज चढलाय. दसरे आले नि गेले, पण अण्णांनी मला मांडीवर घेतलं नाही. नवी पत्रं फळीवर पडलेली असतात. मात्र संध्याकाळी कचेरीतून आले की पगडीही न उतरवता ते माझ्यापाशी उभे राहतात आणि पत्रं एकेक करून सरकवत जातात. तळापर्यंत. सुमतीबाई विचारतात, "काय हवंय?" ते म्हणतात, "काही नाही."

वाचकहो, तुमचे कागद नीट लावा, चिठ्ठ्या घाला, लागेल तेव्हा हाताशी येतील. पण त्याआधी माझं एक ऐका. आलेलं पत्र कितीही नकोसं असो, ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मग हवं तर फाडा. मी फक्त दिलेलं सांभाळू शकते. अण्णा रोज शोधतात ते कार्ड त्यांनी मला दिलंच नव्हतं.